मुंगीटाका

मंगळवार, ६ जानेवारी

खडू,

पाकिटावरचं अक्षर बघून घाबरू नकोस. सगळे धडधाकट आहेत. तुझी आई आत भाजी चिरते आहे आणि मी तुला पत्र लिहितोय हे तिला माहीत नाही. म्हणजे तिला माहीत आहे, पण ते मला माहीत नाही, असं आमचं ठरलेलं आहे. दर रविवारी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते आणि पाऊण तासाने खाली येते, तेव्हाही असंच असतं. चार कपडे वाळत घालायला पाऊण तास लागत नाही, एवढं शिंप्याला कळतं.

चार वर्षं मी तुझ्याशी बोललो नाही. आजही बोलत नाहीये, लिहितोय. फोन नकोच. मी इस्त्री करता करता पोटच्या पोरीशी दोन शब्द बोललो आणि ते शब्द परक्या देशात, परक्या लोकांच्या कानाला लागले. तेव्हापासून मी फोनवर 'हॅलो'सुद्धा जपून म्हणतो. कागद बरा. मी लिहीन तेवढंच त्याच्यावर राहतं.

आता कामाचं. आज सकाळी दुकानात एक बाई आली. वय माझ्याएवढं, केस पांढरे आणि आखूड, पायात भक्कम बूट, खांद्याला कापडी पिशवी. दाराशी उभं राहून तिने आधी पाटी बघितली, मग मला, मग पुन्हा पाटी. मला वाटलं अल्टरचं गिऱ्हाईक. म्हटलं, "या, काय कमी करायचंय?" ती हसली आणि साहेबी भाषेत भडाभडा बोलायला लागली. मला त्या भाषेतले कॉलर, कफ आणि पॉकेट एवढेच शब्द येतात. माझा चेहरा बघून ती थांबली. मग एक बोट तिने स्वतःच्या कानाला लावलं, एक माझ्याकडे केलं आणि म्हणाली,

"मुंगीटाका."

खडू, माझ्या हातातली कात्री टेबलावर पडली.

तुला वेगळं सांगायला नको. बारीक टाक्याला कुणी तुरपाई म्हणतं, कुणी आणखी काही. मुंग्यांची रांग चालल्यासारखा दिसतो म्हणून मुंगीटाका, हे फक्त आपल्या घरात. मला तो शब्द माझ्या वडिलांनी दिला. त्यांना त्यांच्या आईने. आणि तिला तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या आजोबांनी, सहा महिन्यांचं पोर तिच्या मांडीवर टाकून पळून जाण्याआधी.

मी वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना हाक मारली. त्यांनी उलटसुलट विचारलं आणि मला सांगितलं, की ही बाई त्या उसाच्या बेटावरून आली आहे. चार वर्षांपूर्वी तिने तुझं प्रदर्शन बघितलं. भिंतीवर आजोबांच्या अंगठ्याच्या ठशाचा तो कागद, समोर बाक, आणि बाकावर कानाला लावायच्या यंत्रात माझा आवाज. त्यात मी कधीतरी मुंगीटाका म्हणालो असेन. तिचे आजोबाही तो शब्द म्हणायचे म्हणे. तिथेच लावलेल्या फोटोत आपल्या दुकानाची पाटी होती, त्यावरून शोधत आली. बाई काय म्हणते तर, आपण नातेवाईक.

चहा घेऊन ती गेली.

तर विचारायचं एवढंच, की ही बाई तू पाठवलीस का? हो की नाही, तेवढं कळव.

बाबा


शनिवार, २४ जानेवारी

खडू,

तुझं पत्र मिळालं. मी हो की नाही विचारलं होतं, तू अकरा पानं लिहिलीस. लहानपणी शाळेत काय झालं विचारलं तर बसमध्ये चढल्यापासून सुरुवात करायचीस, तशीच आहेस. पण उत्तर कळलं. तू तिला ओळखतही नव्हतीस.

आता मागच्या पत्रातली एक दुरुस्ती. चहा घेऊन ती गेली असं मी लिहिलं होतं. चहा अर्धाच झाला होता. मी तिला घालवली.

मास्तरीणबाईंना म्हटलं, "यांना सांगा, पळून गेलेल्या माणसाचे नातेवाईक आमच्याकडे नसतात." मास्तरीणबाई शहाण्या, त्यांनी काहीतरी गुळगुळीत करून सांगितलं असणार. पण माझा आवाज तिला पाठच होता. तो चढला की उतरला हे तिला भाषांतर करून सांगावं लागत नव्हतं. तिने कप खाली ठेवला, मान लववली आणि गेली.

त्या दिवशी जेवताना तुझ्या आईने माझी अशी काही खरडपट्टी काढली की विचारू नकोस. "समुद्र ओलांडून बाई दारात येते आणि तुम्ही तिला कपभर चहा पुरा पिऊ देत नाही? तुम्हाला पोरीचा राग आहे ना? मग तो त्या बिचारीवर कशाला?" मी म्हटलं, पोरीचा विषय नाही. ती म्हणाली, "चार वर्षं दुसरा विषय कुठला आहे या घरात?"

दुसऱ्या दिवशी दोघं स्टेशनसमोरच्या लॉजवर गेलो. बाई पिशवी भरतच होती. तुझी आई तिच्या खोलीत शिरली, तिला साहेबी भाषेचा एक शब्द येत नाही, तरी दहा मिनिटांत दोघी एकमेकींचा हात धरून बाहेर आल्या. मी लॉजच्या मॅनेजरशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा होतो.

तेव्हापासून ती आपल्याकडेच आहे. तुझ्या खोलीत झोपते. तुझे रंगाचे डबे हलवलेले नाहीत, काळजी करू नकोस.

घरी आल्यावर तिने पिशवीतून एक पुडकं काढलं. आत लहान मुलीचं जाकीट. निळं, कोपरांवर विरलेलं. तिच्या आजोबांनी ती पाच वर्षांची असताना शिवलेलं. शिंप्याला कपडा दिला की तो आधी उलटा करतो. मी केला. अस्तराच्या कडेने मुंग्या चालल्या होत्या, खडू. एकसारख्या, एकीच्या पायावर दुसरीचा पाय नाही. आणि जिथे दोरा संपतो तिथे तीन वेढे आणि गाठ अस्तराच्या आत, डाव्या अंगाला लपवलेली. वडील मला ती गाठ चुकली की बोटावर गजपट्टी मारायचे. ती गाठ दुसरीकडे कुठे मी उभ्या जन्मात बघितली नाही. धंद्यात पन्नास वर्षं काढली, हजारो कपडे उसवले, कुठेही नाही.

माझ्या तोंडून निघालं, "ताई, हे त्यांनीच शिवलंय."

ताई मी मुद्दाम म्हटलं नव्हतं. पण मास्तरीणबाईंनी तेही भाषांतर केलं, आणि मग हिशेब झाला. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी निघाली. जन्मभर घरातला थोरला म्हणून मिरवलो आणि आता सत्तरीत मला मोठी बहीण झाली. ती नोकरीत असताना सुईण होती. तुझी आई म्हणाली, "बघा, हे सुईवाले आणि त्या सुईण. घराणं एकच." हे मात्र मास्तरीणबाईंना काही केल्या भाषांतर करता आलं नाही.

तुझ्या पत्राचं सातवं पान मी तीनदा वाचलं. त्यावर नंतर लिहीन.

बाबा

ता. क. आईने खाली दोन ओळी लिहायच्या म्हणून जागा सोडायला सांगितली होती. आता म्हणते, नको, मी रविवारी बोलीन. म्हणजे तेही नाटक संपलं.


मंगळवार, ३ फेब्रुवारी

खडू,

दोन दिवस दुकान बंद ठेवलं होतं. दोन गिऱ्हाइकं कपडे न मिळाल्याने बोंबलून गेली.

सांगतो काय झालं ते. रविवारी जेवणं झाल्यावर ताईने मास्तरीणबाईंना बोलावून घ्यायला सांगितलं. चौघं बैठकीत बसलो. ती म्हणाली, मला सगळं सांगायचं आहे, पण मध्ये थांबवू नका.

त्यांच्याकडे जे ठाऊक आहे ते असं. आजोबांना एका मुकादमाने गाठलं. पलटणीचे गणवेश शिवायचे आहेत, दोन दिवसांच्या वाटेवर छावणी आहे, हंगाम संपला की घरी, असं सांगून नेलं. दोन दिवसांनी समोर छावणी नव्हती, जहाज होतं. अंगठा घेतला, उंची मोजली, डाव्या भुवईतला वाकडा केस खूण म्हणून लिहून घेतला. तोच कागद तू शोधून काढलास. बेटावर सुई कुणी हातात दिली नाही, कोयता दिला. पाच वर्षं ऊस तोडला.

माझ्या छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. तू मला हे सांगितलं होतंस, "बाबा, ते पळाले नाहीत, त्यांना नेलं." मी मानलं नाही. तू माझी मुलगी, माझं मन राखायला सांगत असशील असं वाटलं. तिला माझं मन राखायची काय गरज?

मी विचारलं, "पाच वर्षं झाली. मग?"

"मग आणखी पाच वर्षं काढली की परतीचं जहाज मिळायचं."

"काढली?"

"काढली."

"मग?"

तुझ्या आईने ताईच्या पाठीवर हात ठेवला. मग ती हळू काहीतरी बोलली आणि मास्तरीणबाई भाषांतर करायच्या थांबल्या. मी म्हटलं, "सांगा, बाई. मी काही काचेचा नाही."

त्या म्हणाल्या, "तेव्हा यांचे वडील दोन महिन्यांचे होते."

म्हणजे जहाज मिळत होतं, खडू. एकीकडे माझा बाप, दहा वर्षांचा, गावभर पळपुट्याचा पोर म्हणून चिडवला जाणारा. दुसरीकडे तिचा बाप, दोन महिन्यांचा. आणि आजोबांनी जहाज जाऊ दिलं.

मी उठलो आणि बाहेर गेलो. मला राग नेमका कशाचा आला होता हे समजायला दोन दिवस गेले. मुकादमावर राग धरून मला मोकळं होता आलं असतं. त्या राजवटीवर धरता आला असता, ती तर आता उत्तर द्यायलाही नाही. पण एवढ्यावर ते भागत नव्हतं. नेलं त्याला दुसऱ्यांनी, परतला नाही तो स्वतः. तुझ्या भिंतीवर पहिलं अर्धं होतं, माझ्या तोंडी दुसरं अर्धं. पुरतं कुणाकडेच नव्हतं.

आणि ऐक. ताईच्या घरात आजोबा म्हणजे देवमाणूस. कोयता टाकून त्यांनी पुढे तिथे दुकान काढलं, निम्म्या बेटाला कपडे शिवले, पोरांना शिकवलं. मागे बायको आहे, मुलगा आहे, हे त्यांनी तिथे शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. एका अक्षराने नाही. ताईला ते तुझ्या प्रदर्शनात कळलं, बाकावर बसून, माझ्या आवाजात, समोरच्या पडद्यावर भाषांतर वाचत. मला वाटायचं, त्या खोलीत फक्त माझीच अब्रू गेली.

मी तिला विचारलं, "हे सगळं न सांगता नुसतं जाकीट दाखवून गेली असतीस तरी मी खूश होतो. कशाला सांगितलंस?"

ती म्हणाली, "बाळंतपणं केली आयुष्यभर. अर्धवट सोडून घरी जाता येत नाही."

बाबा


रविवार, ८ फेब्रुवारी

खडू,

सातव्या पानाबद्दल.

तू लिहिलंस, रेकॉर्डिंग बंद करायला हात नेला होता, पण बाबांना रडताना पहिल्यांदा बघत होते, हात हललाच नाही. आणि नंतर ते लावताना मला विचारलं नाहीस, कारण मी नाही म्हणेन हे तुला पक्कं ठाऊक होतं. हे लिहायला तुला जड गेलं असणार. आता माझं ऐक.

त्या दिवशी मी तुला वडिलांच्या मरणाचं सांगितलं. रोज दुकान बंद केलं की ते पायरीवर बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. ऐंशीव्या वर्षापर्यंत. कुणाची वाट बघताय विचारलं तर चिडायचे. दवाखान्यात शेवटच्या दुपारी मी एकटाच होतो. तू तीन वर्षांची होतीस, आई तुला घेऊन घरी. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "हो, आला." ते म्हणाले, "बसव त्याला." आणि गेले.

मी मरणाऱ्या बापाशी खोटं बोललो, हे पस्तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. तुझ्या आईलाही नाही. तुझ्या मावसभावाने कुठून तरी तुझ्या प्रदर्शनाची चित्रफीत मिळवली आणि कौतुकाने घरी आणून लावली. तुझी आई ऐकत राहिली. मग मला म्हणाली, "चाळीस वर्षं तुमच्याशी संसार करतेय, आणि हे मला दुसऱ्याच्या मोबाइलवर कळतं?"

तिला सांगायचं सोडून मी तुझ्यावर भडकलो. तुझी चूक होतीच, ती मी पुसत नाही. पण तुझ्या चुकीमागे मी माझी लपवली, आणि वकिलाकडून तुला नोटीस पाठवली. पोटच्या पोरीला नोटीस. टाइप करणाऱ्याने दोनदा विचारलं, "नातं मुलगी, बरोबर ना?"

मला वाटलं होतं तू नोटीस फाडून टाकली असशील. कलावंत माणसं बापाचं कुठे ऐकतात. काल ताईने सांगितलं, की आवाज ऐकून ती घरी गेली आणि धाकट्या भावाला सगळं सांगितलं. भाऊ खवळला. आमच्या आजोबांवर आळ घेणारा हा कोण, खोटारडा आहे, पैसे देऊन बोलायला बसवलेला नट आहे, असं म्हणाला. ती म्हणाली, एकदा ऐक, मग बोल. त्याला ओढून प्रदर्शनात नेलं. बघते तर बाक आहे, यंत्र आहे, आत आवाज नाही. तिथल्या रखवालदाराने सांगितलं, ज्यांचा आवाज होता त्यांनी काढायला लावला.

भाऊ म्हणाला, "बघितलंस? नव्हताच कुणी." तेव्हापासून बहीणभावांत बोलणं नाही. म्हणून ती आली. मी आहे की नाही ते बघायला.

रात्रीची भाकरी मला गोड लागली नाही. माझ्या बापाला एकदा आजोबांनी नाही म्हटलं, तिथल्या घरात त्याचं नावही न काढून. आणि दुसऱ्यांदा नाही म्हणायला मीच मदत केली, वकील लावून.

तुझी आई आज फोनवर तुझ्याशी बोलली, माझ्यासमोर बसून. तिच्याकडून कळलं, की त्या आवाजाशिवाय नको म्हणून पुढच्या दोन शहरांनी तुझं प्रदर्शन घेतलं नाही, आणि तू मला एका शब्दाने कळवलं नाहीस. का गं? ओरडायचंस तरी. मी तुला रागावलेलं बघितलंय, आवाज बरा आहे तुझा.

माझं चुकलं. हे मी कागदावर लिहितोय, म्हणजे राहील.

बाबा


रविवार, १५ मार्च

खडू,

सहीचा कागद सोबत पाठवतोय. मास्तरीणबाईंनी वाचून दाखवला. आवाज पुन्हा लावायला, आणि बेटावर नव्याने भरणाऱ्या प्रदर्शनात वापरायला, माझी हरकत नाही. तू विचारलंस, मी हो म्हटलं. चार वर्षांपूर्वी एवढंच करायचं होतं, गाढवांनो. अनेकवचन मुद्दाम लिहिलंय, त्यात मीही आलो.

अट एकच. जुना आवाज एकटा लावायचा नाही. त्यात मी आजोबांना फक्त शिव्या घातल्या आहेत. नवीन रेकॉर्डिंग केलं आहे, त्यात मी आणि ताई दोघं बोललो आहोत. ते त्याला जोडून लाव.

ते कसं झालं सांगतो. रस्त्याचा आवाज नको म्हणून शटर खाली ओढलं. मास्तरीणबाईंनी फोन कटिंगच्या टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. मी कॉलर नीट केली. तुझी आई म्हणाली, "अहो, फोटो नाही काढत आहेत." ते रेकॉर्ड झालं. मग मी सुरुवात केली, की वडील गेले त्या दिवशी धो धो पाऊस होता. तर ही म्हणे, "कुठला पाऊस? कडक ऊन होतं. मी तुमचे कपडे वाळत घातले होते." तेही रेकॉर्ड झालं. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले आणि सरळ बोलत गेलो. मुकादम, जहाज, अंगठा सगळं सांगितलं. मग जहाज मिळत असताना ते परतले नाहीत हेही सांगितलं. माझे वडील होते, ते शिंपी होते, त्यांच्या डाव्या भुवईलाही तसाच वाकडा केस यायचा आणि माझ्याही येतो, हे सांगितलं. ताई तिच्या भाषेत बोलली. काय बोलली ते मी मास्तरीणबाईंना विचारलं नाही. तिचं ती तुला सांगेल.

तुझी आई शेवटपर्यंत माझ्या शेजारी बसली होती. बटण बंद झाल्यावर म्हणाली, "आता मला समोर बसून सांगा, दवाखान्यातलं." सांगितलं. फोन तेव्हा मास्तरीणबाईंच्या पर्समध्ये होता, मी खात्री करून घेतली.

अजून एक राहिलं. प्रदर्शनाच्या वेळी पेपरात आलेल्या त्या मुलाखतीत तू म्हणाली होतीस, की मला कुठलंच घर नाही, तिथे मी बाहेरची आणि इकडे आले की पाहुणी. ते वाचून मी तुझ्या आईला म्हटलं होतं, मग आपण काय धर्मशाळा चालवत होतो? फार लागलं होतं मला ते. परवा ताईला बाजारात घेऊन गेलो. बटणवाल्याने तिच्याकडे बघून मला विचारलं, "या बाई कुठल्या?" ती हसली आणि इथे शिकलेल्या मोडक्या शब्दांत मला म्हणाली, शंभर वर्षांपासून बेटावर आम्हाला हेच विचारतात. तिकडे आलेले, इकडे गेलेले. तुझी आठवण झाली. तुला रोज कुणी ना कुणी असं विचारत असेल, आणि तू दमत असशील. तू आमच्याबद्दल तक्रार करत नव्हतीस हे मला तेव्हा कळलं नाही.

बटणवाल्याला मी सांगितलं, "आमच्याच आहेत. थोरल्या." त्याने डझनभर बटणं मोजली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

ताई पुढच्या आठवड्यात परत जाते आहे. मुंगीटाका शिकून चालली. जन्मभर ती माणसं शिवत आली, कापड तिला जमत नाही. पण गाठ बरोबर मारते.

बाबा


शुक्रवार, १२ जून

खडू,

हे तुझ्याच प्रदर्शनाच्या माहितीपत्रकाच्या पाठीवर लिहितोय. रखवालदाराकडे देतो, तो तुला आणून देईल. मोठा शिष्टाचारी माणूस आहे, मला दोनदा बसा म्हणाला.

आम्ही काल संध्याकाळी पोचलो. तुला कळवायचं नाही असं आईने आणि ताईने ठरवलं, मला कुणी विचारलं नाही. विमानात तुझी आई खिडकीशी बसली आणि संपूर्ण वाटभर मला खालचा समुद्र दाखवत होती, जसा काही तिनेच भरलाय. मी बघत होतो. याच पाण्यावरून ते गेले, काही दिसत नसताना, कुठे ते माहीत नसताना.

सकाळी ताईने आजोबांचं दुकान दाखवलं. आता तिथे औषधं विकतात. मी पाच मिनिटं समोर उभा राहिलो. माझ्या मनात त्यांना सांगायला खूप काही होतं, पण लोक औषधं घ्यायला येत होते, मी वाटेत येत होतो. बाजूला झालो.

मग इथे. साखरेच्या जुन्या गोदामात तू एवढं सगळं उभं केलंस. भिंतीवरचा तो कागद फोटोत बघितला होता, समोर उभा राहिल्यावर वेगळं वाटतं. भिंतभर मोठा केलेल्या अंगठ्याच्या ठशाच्या रेषा माझ्या हाताच्या लांबीच्या आहेत. मी माझा अंगठा त्याच्यापुढे धरून बघितला. रखवालदाराने तेव्हा तोंड दुसरीकडे फिरवलं.

ताईचा भाऊ आला होता. उंच माणूस, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्री. ताईने त्याला फक्त सांगितलं होतं की आवाज परत आलाय. मी आलोय हे नाही. तो बाकावर बसला, यंत्र कानाला लावलं. समोर पडद्यावर त्यांच्या भाषेत अक्षरं उमटत होती. मी मागच्या भिंतीशी उभा होतो. तो माझा आवाज ऐकत होता आणि मी त्याची पाठ बघत होतो. संपलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं. मग तिसऱ्यांदा.

मग यंत्र काढून वळला आणि ताईला काहीतरी विचारलं. ताईने माझ्याकडे बोट केलं. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला बोलणार. त्याने माझी डावी भुवई बघितली. मग एक प्रश्न विचारला, आणि ताईने तो तिला आता येतात त्या मोडक्यातोडक्या शब्दांत मला सांगितला, "तुझा बाप, त्याला आठवत होता का तो?"

मी म्हटलं, "नाही. सहा महिन्यांचा होता."

त्याने मान हलवली. गोदामाबाहेर निघून गेला. ताईचा चेहरा पडला. तुझी आई म्हणाली, "जाऊ दे, वेळ लागतो."

दहा मिनिटांनी तो परत आला. बायकोला घेऊन, दोन मुलांना, एका सुनेला आणि शाळेच्या दप्तरासकट एका नातीला. सगळ्यांना त्याने बाकावर बसवलं आणि रखवालदाराला सांगून जास्तीची यंत्रं मागवली. आता ती सगळी ओळीने बसून ऐकताहेत. नात पाय हलवते आहे. बाकावर जागा उरली नाही म्हणून तो स्वतः माझ्या शेजारी भिंतीशी उभा आहे. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची नाही. मी लिहितोय ते तो वाकून वाकून बघतो आहे.

तू पलीकडच्या खोलीत आहेस. दारातून अर्धी दिसतेस. कुणाला तरी हात हलवून हलवून काहीतरी सांगते आहेस, म्हणजे बसमध्ये चढल्यापासूनच सुरुवात केली असणार. बारीक झालीस असं आई म्हणते. मला तू थकलेली वाटतेस आणि छान वाटतेस.

घाई करू नकोस, त्या लोकांना नीट सगळं दाखव. फक्त तुझ्या कोटाची उजवी बाही खांद्यापाशी उसवली आहे, इथूनही दिसते. सुईदोरा माझ्याकडे आहे. लोक गेले की ये.

बाबा